आठ मिलिमीटरचा प्ले: आरसी ट्रकच्या स्टिअरिंगच्या नोंदी

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

गाडी म्हणजे रिमोटवर चालणारा (आरसी) १/१० मापाचा शॉर्ट कोर्स ट्रक, मातीवरच्या शर्यतीच्या धाटणीचा. मागची दोन चाकं ओढणारी, ब्रश मोटर, दोन सेलची (२एस) लायपो बॅटरी. दुसऱ्याच्या हातची, स्वस्तात मिळाली म्हणून दिवाळीच्या आधी भाच्यासाठी घेतली. चार दिवस त्याने ती अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, गोडोलीच्या अंगाला असलेल्या मुरमाच्या मोकळ्या प्लॉटवर चालवली. चालवली कसली, सांभाळली. सरळ सोडली की डावीकडे जायची, उजवीकडे ओढली की अर्धा क्षण काहीच व्हायचं नाही आणि मग एकदम वळायची. शेवटच्या दिवशी कुंपणाच्या दगडाला थडकली. पुण्याच्या एसटीत बसताना पोरगं म्हणालं, "मावशी, मला नाही गं जमत नीट चालवायला."

ते मला फार लागलं. दोष गाडीत होता आणि पोरगं तो आपल्या हातात शोधत होतं. नाताळच्या सुट्टीत तो परत येईल. तोवर ही गाडी सरळ चालली पाहिजे, म्हणून आजपासून वही.

पहिलं काम प्ले, म्हणजे स्टिअरिंगमधली ढिलाई, मोजायचं. दिवसभर एमआयडीसीत दुसऱ्यांचे पार्ट व्हर्नियर-मायक्रोमीटरने तपासते, तर घरच्या गाडीला "जरा ढिलं वाटतंय" म्हणून सोडणं बरं दिसत नाही. खिडकीची जुनी काच टेबलावर ठेवली, तिच्यावर गाडी. रिमोट आणि गाडी दोन्ही चालू, म्हणजे सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) आपली मधली जागा धरून बसतो. टायरच्या पुढच्या कडेला स्टीलची पट्टी टेकवली आणि चाक बोटाने आधी डावीकडे, मग उजवीकडे ढकललं. जोर लावायचा नाही; अडलं वाटलं की थांबायचं.

उजवं चाक: ८ मिमी. डावं चाक: साडेसात.

टायरचा व्यास ११० मिमी, म्हणजे केंद्रापासून पुढची कड ५५ मिमीवर. तिथे एक अंश म्हणजे ०.९६ मिमी. हिशोब सोपा झाला, मिलिमीटरला अंश. सर्व्हो जागचा न हलता चाक आठ अंश फिरतंय. मधोमध धरलं तरी दोन्हीकडे चार-चार अंश मोकळे, आणि चार अंश चुकलेली गाडी मीटरभर पुढे गेली की सात सेंटिमीटर बाजूला गेलेली असते. पोराच्या हाताने काय करायचं होतं यात?

बुधवार, ५ नोव्हेंबर

संशय सर्व्होवर. हॉर्न, म्हणजे त्याच्या शाफ्टवरचा हात, धरून हलवला तर आतून टकटक येते. चार स्क्रू काढून उघडला. प्लॅस्टिकचे गिअर, त्यातल्या एकाचा दात अर्धा उडालेला. सापडलं, असं वाटलं. पुण्याहून मेटल गिअरचा, १० किलो-सेंटिमीटर ताकदीचा सर्व्हो मागवला. शाफ्टला २५ दात आहेत हे मोजून घेतलं. २३ आणि २४ दातांचेही सर्व्हो येतात आणि त्यांचा हॉर्न यावर बसत नाही.

आज त्रिपुरी पौर्णिमा. आबा देवळात दिवे लावायला गेले होते, येऊन टेबलाकडे नुसतं बघून गेले.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सर्व्हो बसवला. बसवायची पद्धत लिहून ठेवते, कारण मागच्या मालकाने ती पाळलेली नव्हती. आधी सर्व्होला वीज द्यायची, रिमोटवरचा ट्रिम आणि सब-ट्रिम (मधली जागा थोडी सरकवायची सोय) शून्यावर आणायचा, सर्व्हो मध्यावर येऊ द्यायचा आणि मगच हॉर्न चढवायचा. २५ दात म्हणजे एका दाताला १४.४ अंश, त्यामुळे हॉर्न क्वचितच बरोबर काटकोनात बसतो. जवळात जवळचा दात घ्यायचा आणि उरलेला फरक सब-ट्रिमने काढायचा. मागच्या मालकाने हॉर्न एक दात चुकवून सगळा फरक ट्रिमवर टाकला होता. म्हणून गाडी एका बाजूला जास्त वळायची आणि दुसरीकडे कमी.

पुन्हा काचेवर ठेवून मोजलं. उजवं चाक: ७ मिमी.

चारशे रुपये आणि तीन संध्याकाळी गेल्या, गेला एक मिलिमीटर. गिअरचा दात खरंच तुटला होता, त्यामुळे सर्व्हो बदलणं चुकीचं नव्हतं. पण उरलेले सात मिलिमीटर दुसरीकडेच आहेत.

रविवार, ९ नोव्हेंबर

आबांनी आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलं. आज दुपारी चहा झाल्यावर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तू हलीव. मी बोट लावतो."

ही पद्धत मी लहानपणी ऐकली होती, करून पाहिली नव्हती. बसच्या स्टिअरिंगमध्ये प्ले आला की एकजण वर बसून चाक थोडंसंच, दोन बोटं इकडे दोन बोटं तिकडे, हलवत राहतो. दुसरा खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवतो. बोट सांध्याच्या बरोबर मधोमध, अर्धं एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. दोन्ही भाग एकदम हलले तर सांधा चांगला. एक आधी हलला आणि दुसरा मागून आला तर ते बोटाला लगेच कळतं, डोळ्याला दिसत नाही. सुरुवात स्टिअरिंग बॉक्सपासून करायची आणि चाकापर्यंत जायचं, मधला एकही सांधा सोडायचा नाही.

मी रिमोटचं चक्र हळूहळू डावं-उजवं करत होते. आबांची बोटं एवढ्याशा गाडीत मावत नव्हती, म्हणून करंगळी लावली. सर्व्होपासून सुरू केलं. "हा बरा हाय. नवा हाय न्हवं." मग सर्व्हो ज्या खांबांवर बसतो तिथे थांबले. "हितं हलतोय. सगळाच्या सगळा." मग बेलक्रँक (सर्व्होची हालचाल पुढे देणारा, खांबावर फिरणारा तुकडा), मग दोन बेलक्रँकमधली आडवी पट्टी, मग टाय रॉडची, म्हणजे तिथून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची टोकं, मग नकल (चाकाचा आस धरणारा तुकडा), शेवटी चाक धरून वर-खाली. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं.

"आगं, स्टिअरिंगचा प्ले एका घरात ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. "सगळ्यांकडं वाटून घेतलेला असतो."

त्यांनी दाखवलेल्या प्रत्येक जागी मग मी डायल (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावला. आकडे लिहिताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. नकलचा हात, म्हणजे टाय रॉड जिथे जोडला जातो तिथपर्यंतचं अंतर, २२ मिमी आहे आणि टायरची कड ५५ वर. म्हणजे टाय रॉडमधला प्ले चाकाच्या कडेला अडीचपट होऊन दिसतो. रॉडमध्ये ०.४ मिमी ढिलाई कोणाला काहीच वाटणार नाही, पण चाकावर तो पूर्ण एक मिलिमीटर आहे.

चाकाच्या कडेला धरून हिशोब असा लागला: बेलक्रँकची बुशं (आतल्या नळ्या) २.५, उजवा टाय रॉड आणि सर्व्होपासून बेलक्रँकपर्यंतची लिंक यांची चार टोकं मिळून १.५, दोन बेलक्रँकमधली पट्टी १, नकल जिच्यावर फिरते ती किंगपिन १, सर्व्होची बैठक अर्धा, चाकाची बेअरिंग आणि हेक्स (चाक आसावर धरणारा षटकोनी तुकडा) मिळून अर्धा. बेरीज सात. बोटाने सापडलेलं आणि पट्टीने मोजलेलं जुळलं, याचा आबांना माझ्याहून जास्त आनंद झाला.

आणखी एक गोष्ट त्यांनी आज समजावली आणि ती मला पूर्ण नवी होती. ढिलाई आणि लवचीकपणा वेगळे. ढिलाईत बोटाला काहीच अडत नाही, चाक रिकाम्या जागेत फिरतं. लवचीकपणात अडतं, पण जोर लावला की दबतं. आपल्या गाडीत बेलक्रँकमध्येच सर्व्हो सेव्हर आहे, म्हणजे स्प्रिंगवर दाबून धरलेले दोन भाग. चाक दगडावर आदळलं की हे दोन भाग एकमेकांवर सरकतात आणि धक्का सर्व्होच्या गिअरपर्यंत जात नाही. ही स्प्रिंग सैल असली तरी चाक ढिलं वाटतं, पण तो प्ले नाही. म्हणून भाजीचा स्प्रिंग काटा घेऊन टायरच्या कडेला अर्ध्या किलोची ओढ दिली आणि मोजलं. प्ले सोडून वर ९ मिमी दबलं. बरंच आहे. पण आधी प्ले काढायचा, स्प्रिंगला हात शेवटी.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सर्व्होची बैठक. चारपैकी दोन स्क्रू प्लॅस्टिकमध्ये नुसतेच फिरत होते. त्या दोन भोकांतून आरपार ३ मिमीचे मशीन स्क्रू घातले, खालून नायलॉक नट. सर्व्होच्या कानांत रबरी बुशं होती. ती मी ठेवली, फक्त आतली पितळी नळी नीट बसवली म्हणजे रबर जास्त दबणार नाही. साडेसहा मिमी.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज सगळ्यात मोठा वाटेकरी, बेलक्रँक.

दोन उभे स्टीलचे खांब, त्यांच्यावर फिरणारे दोन प्लॅस्टिकचे बेलक्रँक, आणि मधे प्लॅस्टिकचीच बुशं. खांब मायक्रोमीटरने ४.९६ मिमी निघाला. झिजलेला नाही. बुशाचं भोक ५.२८, तेही एका बाजूला अंडाकृती. तीन दशांशाहून जास्त मोकळीक, आणि बुश आखूड असल्यामुळे बेलक्रँक नुसता सरकत नव्हता तर कलतही होता. कलल्यामुळे वरच्या टोकाला ती मोकळीक आणखी वाढत होती. अडीच मिलिमीटर कुठून आले हे आता उघड झालं.

बुशाचं बाहेरचं माप ८ मिमी. ५×८×२.५ ची बॉल बेअरिंग तिथे थेट बसतात. चार आणून ठेवली होती. दोन वर, दोन खाली, अशी बसवली की बेलक्रँक कलायला वावच उरत नाही.

बेअरिंग की बुश, यावर मी बराच वेळ घालवला. आपल्याकडचा मुरूम पिठासारखा बारीक होतो आणि एवढ्याशा बेअरिंगमध्ये गेला की ती करकरायला लागते. प्लॅस्टिकच्या बुशाला धुळीचं काही वाटत नाही, ते झिजत राहतं आणि चालत राहतं. शेवटी दोन्ही बाजूंना झाकण असलेली बेअरिंग घेतली आणि वरून जाड ग्रीसचा पातळ हात दिला. सहा महिन्यांनी बदलावी लागली तरी चालेल, चारही मिळून फार खर्च नाही.

मग वर-खालचा प्ले. वरच्या पट्टीखाली बेलक्रँक ०.४ मिमी उचलला जात होता. इतका पातळ वायसर दुकानात मिळेना. थंड पेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा कापून मोजला तर बरोबर ०.१ मिमी. पंचाने पाच मिमीचं भोक पाडलं, बाहेरून कात्रीने गोल केलं, कडा दगडावर घासून मोडल्या. प्रत्येक बाजूला चार-चार घातले. आता उचललाच जात नाही.

(ही नोंद वाचणाऱ्याने इथे थांबू नये. "उचललाच जात नाही" यात चूक होती, ती ३० तारखेला कळली.)

चार मिमी.

गुरुवार, २० नोव्हेंबर

टाय रॉडची टोकं. प्लॅस्टिकची वाटी आणि आत स्टीलचा गोळा. नळाला गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप गोळ्यावर एक पदर ताणून घातली आणि वाटी दाबून बसवली. टेबलावर प्ले निम्मा झाला. संध्याकाळी अंगणात दहा मिनिटं चालवली आणि पुन्हा मोजलं तर टेप फाटून बाहेर आलेली, प्ले जसाच्या तसा. ज्याच्याकडे आज दुसरं काही नाही त्याने एका दुपारपुरती करावी, एवढीच तिची किंमत.

नवीन टोकं मागवली. आठ; दोन्ही टाय रॉड आणि लिंकला सहा लागतात, म्हणजे दोन शिल्लक.

दोन बेलक्रँकमधल्या पट्टीत गोळे नाहीत, दोन खांदा-स्क्रू (डोक्याखाली गुळगुळीत गोल भाग असलेले) आहेत. तिथली भोकं मोठी झालीत. पट्टी ३ मिमी ॲल्युमिनियमची नवीन कापली. जुनी पट्टी ठेवून आखली, ड्रिलने भोक थोडं लहान पाडलं आणि रीमरने मापावर आणलं. दोन भोकांमधलं अंतर मात्र अगदी बरोबर हवं. जुन्या पट्टीची झिजलेली भोकं आखून चालत नाही, कारण झीज एकाच बाजूला असते. म्हणून बेलक्रँकवरच्या मूळ छिद्रांवरून माप घेतलं. तीन वेळा घेतलं.

पट्टीचा एक मिलिमीटर गेला. तीन उरले.

रविवार, २३ नोव्हेंबर

टोकं आली. नवी वाटी गोळ्यावर इतकी घट्ट की रॉड हाताने फिरेना. याला उपाय माहीत होता: वाटी गोळ्यावर चढवलेली असतानाच पकडीने बाहेरून हलकेच दाबायची, थोडं फिरवून पुन्हा दाबायची. प्लॅस्टिक गोळ्याच्या आकारात बसतं आणि सांधा मोकळा होतो. जपून करायचं काम. मी दोन टोकांना पुरेसं दाबलं नाही, "फिरतंय की" म्हणून सोडून दिलं.

मग नकल. आज दिवसाचा मोठा भाग इथेच गेला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

नकल म्हणजे चाकाचा आस धरणारा तुकडा, आणि तो सी-आकाराच्या ब्लॉकमध्ये वर-खाली दोन खांदा-स्क्रूंवर फिरतो. त्या स्क्रूंनाच किंगपिन म्हणायचं, काम तेच. स्क्रूचा खांदा ४ मिमी, प्लॅस्टिकमधलं भोक ४.३ पर्यंत गेलेलं. नवीन नकल घेता आली असती. पण आबा म्हणाले, "बुश मारू." त्यांच्या डोळ्यांत ते आल्यावर मी नाही म्हणणार नव्हते.

पितळी नळी, बाहेरून ५ आणि आतून ४ ला किंचित कमी. नकलचं भोक ड्रिल प्रेसवर ४.९ ला मोठं केलं. हाताच्या ड्रिलने केलं असतं तर तिरकं गेलं असतं, आणि किंगपिन तिरकी म्हणजे पुढच्या चाकाची सगळी भूमितीच गेली. नळीचे पाच मिमीचे चार तुकडे कापले, टोकाची धार मोडली, व्हाइसमध्ये सरळ दाबून बसवले. दाबल्यावर नळी आतून आवळली जाते, म्हणून आधी दाबायची आणि मगच आतून रीमर मारायचा. हा क्रम आबांनी दोनदा बजावला. बसच्या किंगपिनला असंच करायचे: बुश प्रेसने आत, मग रीमर, थोडा मारायचा, पिन घालून बघायची, पुन्हा थोडा. पिन ग्रीस लावून अंगठ्याने आत जायला पाहिजे. हातोडी लागली तर घट्ट, आपोआप गेली तर वाया.

चार बुशांना दीड तास लागला. शेवटच्या दोन त्यांनी स्वतः केल्या. रीमर फिरवताना त्यांचा हात एकदाही मागे फिरला नाही. उलटा फिरवला की धार बोथट होते, हे मी विचारल्यावर सांगितलं. चारही पिना अंगठ्याने गेल्या.

चाकाची बेअरिंग ५×११×४, चारही नवीन. हेक्स प्लॅस्टिकचे होते, ॲल्युमिनियमचे बसवले.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सगळं जोडलं. उजवं चाक १ मिमी. डावं एकाला थोडं कमी. आठवरून एक! वहीत त्या आकड्याभोवती गोल काढला.

संध्याकाळी पाच मिनिटं चालवली. सरळ जाते. मग वळवली आणि सोडली, तर मध्यावर परत आली नाही. थोडी डावीकडेच राहिली. उजवीकडून सोडली तर उजवीकडे राहिली. सर्व्हो सतत गुणगुणत होता. पाचव्या मिनिटाला गाडी एकदम मेली, सेकंदाने जिवंत झाली, पुन्हा मेली. सर्व्होला हात लावला तर चटका.

मल्टीमीटर रिसीव्हरच्या तारांवर लावला. उभी असताना ६ व्होल्ट. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की ४.३ वर येतंय. हा सर्व्हो अडकला की अडीच अँपिअरपर्यंत ओढतो आणि जुन्या स्पीड कंट्रोलरमधला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डबीतला) पुरवठा तेवढा देऊ शकत नाही. व्होल्टेज पडलं की रिसीव्हर बंद, तो बंद की मोटरही बंद.

म्हणजे प्ले काढता काढता मी स्टिअरिंग जाम करून ठेवलं होतं.

रविवार, ३० नोव्हेंबर

आबांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी सर्व्होची लिंक सोडवली आणि गाडी हातात घेऊन आडवी केली. चाकं आपल्या वजनाने खालच्या बाजूला पडायला हवी होती. पडली नाहीत. जिथे होती तिथेच राहिली. "बघ. ही गाडी वळायला तयारच न्हाई, तू जबरदस्तीनं वळवतीयास."

हीच कसोटी आता. लिंक सोडायची, गाडी डावीकडे कलवायची, उजवीकडे कलवायची, चाकं स्वतःहून गेली पाहिजेत. एकेक सांधा सुटा करत गेलो. दोन टोकं, तीच, जी मी पुरेशी दाबली नव्हती. पकडीने पुन्हा दाबली. मग बेलक्रँक: चार पत्रे घातल्यावर वरची पट्टी आवळली की बेअरिंग बाजूने दाबली जात होती. दोन्हीकडचा एकेक पत्रा काढला. आता ०.१ मिमी उचलला जातो, आणि तो उचलला गेलाच पाहिजे. उन्हात प्लॅस्टिक फुगतं, कडेला धूळ बसते, त्यांना कुठेतरी जागा लागते.

चाकं पडली. दोन्हीकडे, सावकाश, न अडखळता.

रिमोटवर दोन्ही टोकांची मर्यादाही कमी केली. नकल ब्लॉकला टेकल्यावरही सर्व्हो पुढे ढकलत होता, तिथे तो विनाकारण तापत होता. टेकायच्या केसभर आधी थांबेल एवढी ठेवली. पूर्ण वळवल्यावर आता ५.७ व्होल्ट.

प्ले: २ मिमी. गोल काढलेला १ खोडला.

रविवार, ७ डिसेंबर

आज प्लॉटवर. सकाळी सातला, थंडी बरीच, किल्ल्याच्या माथ्यावर ऊन आलेलं आणि खाली सावली. रांगोळीने चाळीस पावलांची सरळ रेघ मारली. गाडी रेघेवर सोडायची, अर्ध्या वेगाने न्यायची आणि वाटेत हात किती वेळा सुधारावा लागला ते मोजायचं. दिवाळीत असं मोजलं नव्हतं, म्हणून तुलनेला मागचा आकडा नाही. आज पाच फेऱ्यांत सात, सहा, सात, सहा, सहा.

बरं आहे, पण दोन मिलिमीटरच्या मानाने जास्त वाटलं. विचार करून चाकांची आतली-बाहेरची ठेवण तपासली. काचेवर उभी असताना दोन्ही चाकं अगदी समांतर. पण ही गाडी मागून ढकलली जाते. पुढची चाकं ओढत नाहीत, जमीन त्यांना मागे रेटते. त्या रेट्याने चाकं उरलेला प्ले संपेपर्यंत बाहेर उघडतात. उभी असताना समांतर असली तरी पळताना एकेक अंश बाहेर उघडलेली. थोडी उघडी चाकं वळणात चपळ करतात म्हणून काहीजण मुद्दाम ठेवतात, पण मुरमावर आणि नवशिक्या हातात त्याने गाडी चंचल होते.

म्हणून मापताना दोन्ही चाकं पुढच्या कडेला हाताने बाहेर दाबून धरली, म्हणजे पळताना जशी असतील तशी, आणि टाय रॉड दोन्हीकडून अर्धा-अर्धा आटा फिरवून त्या स्थितीत समांतर आणली. रॉडला एका टोकाला डावा आटा, दुसऱ्याला उजवा, त्यामुळे काही न सोडता पान्याने फिरवता येतं.

पुन्हा पाच फेऱ्या. चार, तीन, तीन, तीन, चार.

प्लॉटच्या कडेला दूधवाल्या काकांनी गाडी थांबवून पाहिलं. तीन मिनिटं पाहिलं आणि काही न बोलता गेले.

रविवार, १४ डिसेंबर

शेवटी सर्व्हो सेव्हर. नट दीड आटा आवळला. स्प्रिंग काट्याच्या अर्ध्या किलोला आता ९ ऐवजी ४ मिमी दबतं. आणखी आवळता आला असता आणि गाडी आणखी ताठ वाटली असती. पण एक चाक लाकडी ओंडक्यावर हाताने आपटून पाहिलं तेव्हा सेव्हर सरकताना दिसायला हवा. चारला सरकतो. अजून पाऊण आटा दिला तेव्हा सरकला नाही आणि सर्व्होच्या आतून कट् असा आवाज आला. परत मागे घेतला. गिअर शाबूत आहेत, उघडून पाहिले.

पुढच्या दोन दिवसांत तीन बॅटऱ्या चालवायच्या आणि मग मोजायचं. टेबलावरचं माप मुरमावर टिकतं का, ते बघायचंय.

मंगळवार, १६ डिसेंबर

तीन बॅटऱ्यांनंतर: उजवं २, डावं सव्वादोन. बेलक्रँकची बेअरिंग गुळगुळीत. पितळी बुशांना काही झालेलं नाही. सर्व्हो कोमट. बॅटऱ्या प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवल्या.

गुरुवार, २५ डिसेंबर

भाचा काल रात्री आला. सकाळी सहालाच उठून गाडी उलटी करून खालून बघत बसला होता. पितळ कुठून आलं विचारलं. आबांनी त्याला अख्खी किंगपिन समजावली, बसची आणि ही, दोन्ही. चहा गार झाला.

प्लॉटवर गेलो. मी रांगोळीची रेघ मारली आणि काहीच सांगितलं नाही. पहिल्या फेरीत त्याचे हात जुन्या सवयीने पाच-सहा वेळा हलले, गाडी नको तिथे गेली. दिवाळीत शिकलेलं सगळं तो ढिल्या गाडीसाठी शिकला होता. तिसऱ्या फेरीपासून हात शांत झाले. सातव्या फेरीत दोनदाच हलले. मग रेघ सोडून त्याने दोन दगड ठेवले आणि त्यांच्यामधून आठचा आकडा काढत राहिला, बॅटरी संपेपर्यंत. एकदाही दगडाला लागली नाही. "मावशी, हिला काय केलंस तू?" म्हणाला. मी आबांकडे बोट दाखवलं. आबांनी माझ्याकडे.

घरी येऊन मोजलं. डाव्या बाजूला अडीच मिमी झालाय. एका टोकाची वाटी सैल व्हायला लागली आहे, कुठल्या ते मला बोटाने कळलंय. शिल्लक राहिलेली दोन टोकं पेढ्याच्या खोक्यात आहेत. आज बदलत नाही. उद्या सकाळी मी रिमोट धरणार आणि बोट तो लावणार.